उंदरांनी घाण केलेल्या मोटारीची आतून स्वच्छता

शेतकऱ्याच्या दाराशी पूर्वी बैलगाडी असे. तिला भिंती नसत, गाद्या नसत आणि बंद कप्पेही नसत. उंदराने बिऱ्हाड थाटावे असे तिच्यात काहीच नव्हते. आज अनेक शेतकरी कुटुंबांकडे मोटार, जीप, मालवाहू पिकअप किंवा केबिन असलेला ट्रॅक्टर आहे. हे वाहन पावसाळ्यात किंवा कामाच्या खंडात कित्येक दिवस गोठ्याच्या पडवीत अथवा धान्याच्या कोठारालगत उभे राहते. अशा उभ्या वाहनात उंदरास बिळातील सर्व सुखे एकत्र मिळतात. तेथे अंधार असतो, ऊब असते, पावसापासून आडोसा असतो आणि घरटे करण्यास गादीतील फोम, कापूस व अस्तराचे तंतू असतात. गाडीत शेंगदाणे, पेंड किंवा बियाणे सांडलेले असेल, तर अन्नाचीही सोय होते.

काही दिवसांनी गाडीचे दार उघडताच उग्र दर्प येतो. सामान्यतः अशा वेळी केरसुणीने लेंड्या झाडल्या जातात, अत्तर किंवा फिनाईल शिंपडले जाते, उदबत्ती लावली जाते आणि गाडी पुन्हा वापरात येते. ही पद्धत दोन्ही बाजूंनी चुकीची आहे. कोरडे झाडल्याने रोगट धूळ झाडणाऱ्याच्या नाकातोंडात जाते, आणि सुवास शिंपडल्याने दर्पाचे मूळ जागच्या जागी राहते. याच गाडीतून मुले शाळेत जातात, आजारी माणूस दवाखान्यात नेला जातो आणि भाजीपाला व दूध बाजारात पोचते. म्हणून हे काम योग्य क्रमाने कसे करावे, हे प्रत्येक वाहनधारक शेतकऱ्याने जाणून घेणे आवश्यक आहे.

उंदरांच्या घाणीपासून होणारे अपाय

उंदरांमुळे होणाऱ्या रोगांची महाराष्ट्रास जुनी ओळख आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. त्या काळात घरात उंदीर मरून पडला की लोक गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहत. १९९४ साली बीड जिल्ह्यात व सुरत शहरात प्लेगने पुन्हा डोके वर काढले होते. प्लेगचे जंतू उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसास पोचतात. उंदीर मरून थंड पडला की पिसवा त्याचे अंग सोडून दुसरे आश्रयस्थान शोधतात. म्हणून मेलेला उंदीर उघड्या हाताने कधीही उचलू नये.

ग्रामीण भागात त्याहून नित्याचा धोका लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा आहे. त्याचे जंतू उंदरांच्या व काही अन्य प्राण्यांच्या लघवीतून बाहेर पडतात आणि ओल्या जागी व साचलेल्या पाण्यात बराच काळ टिकतात. हातापायांवरील जखम किंवा ओरखडा, तसेच डोळे, नाक व तोंड यांच्या नाजूक त्वचेतून ते शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाचे रुग्ण मोठ्या प्रमाणावर आढळले होते. भातशेतीच्या चिखलात काम करणाऱ्यांसही हा रोग होतो. चांगली कोरडी हवा, ऊन व जंतुनाशक द्रव्य यांपुढे हे जंतू टिकत नाहीत. स्वच्छतेच्या कामात या तिन्हींचा उपयोग करून घ्यावयाचा असतो.

धुळीबाबत दक्षता का घ्यावयाची, हे अमेरिकेतील एका प्रसंगावरून ध्यानात येईल. १९९३ साली त्या देशाच्या नैऋत्य भागात फुफ्फुसांचा एक घातक विकार उद्भवला. रानटी उंदरांच्या वाळलेल्या मलमूत्राच्या धुळीतून हन्टा जातीचे विषाणू श्वासावाटे शरीरात जात असल्याचे शोधाअंती आढळले. म्हणून उंदरांची घाण प्रथम भिजवावी आणि मगच उचलावी, हा नियम कोठेही मोडू नये.

रोगांखेरीज आणखी एक धोका आहे. उंदरांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात व ते झिजविण्यासाठी त्यांस सतत काही ना काही कुरतडावे लागते. वायरींवरील आवरण निघाले की तारा एकमेकींस चिकटून ठिणगी पडते व गाडीस आग लागू शकते. इंधनाची रबरी नळी कुरतडली गेल्यास धोका अधिकच वाढतो.

उपद्रवाच्या खुणा

उंदराच्या लहानमोठ्या लेंड्या, गादीची भोके, कुरतडलेले कागद, भुईमुगाची टरफले, धान्याचा कोंडा आणि पंख्याच्या वाऱ्याबरोबर येणारा दर्प या मुख्य खुणा होत. बारीक उंदीर ६ मिलिमीटर एवढ्या फटीतून, तर मोठा उंदीर सुमारे १२ मिलिमीटर फटीतून आत येऊ शकतो. गाडीच्या काचा व दारे बंद असूनही उंदीर आत कसा शिरला, याचे उत्तर यात आहे. हवा आत घेणाऱ्या जाळ्या, पायाखालच्या पत्र्यातील भोके आणि वायरींच्या वाटा हे त्याचे दरवाजे असतात.

घरटे बहुधा पुढील ठिकाणी सापडते: सीटच्या खाली, डॅशबोर्डमधील कप्प्यामागे असलेल्या हवेच्या फिल्टरवर, पंख्याच्या पेटीत, डिकीत जादा चाकाच्या खळग्यात, छताच्या अस्तरावर आणि बॉनेटखालच्या जाड अस्तरात. चिचुंद्री ही उंदरांच्या वर्गातील नाही. तिचा दर्प कस्तुरीसारखा उग्र असतो व ती मुख्यतः किडे खाते. तथापि तिच्या घाणीचीही स्वच्छता याच रीतीने करावी.

पूर्वतयारी

काम सुरू करण्यापूर्वी सर्व साहित्य जवळ असावे. रबरी हातमोजे, धूळ रोखणारी एन-९५ प्रकारची मुखपट्टी, पूर्ण बाह्यांचे कपडे व बंद पादत्राणे आवश्यक आहेत. साध्या फडक्याने नाक बांधल्यास सूक्ष्म धूळ अडत नाही. हातावर जखम असल्यास ती पट्टीने झाकावी. शक्य तर जखम असलेल्या व्यक्तीने हे काम करूच नये. मुले व गर्भवती स्त्रिया यांना दूर ठेवावे. याशिवाय प्लॅस्टिकची बादली, फवारणीची बाटली, जुनी फडकी, जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, साबण व विजेरी ही साधने लागतील.

जंतुनाशक पाणी गावातच करता येते. पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणासाठी वापरली जाणारी टी.सी.एल. पावडर, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, ताजी व किमान २५ टक्के क्लोरिनची असल्यास १ लिटर पाण्यात २० ग्रॅम या प्रमाणात कालवावी. थोडा वेळ स्थिर ठेवून वरचे निवळ पाणी दुसऱ्या प्लॅस्टिकच्या भांड्यात ओतून घ्यावे. बाजारातील सुमारे ५ टक्के तीव्रतेचे द्रवरूप ब्लीच वापरावयाचे असल्यास १ भाग ब्लीच व ९ भाग पाणी घ्यावे. द्रावण त्याच दिवशी वापरावे. शिळ्या द्रावणाची व जुन्या, ओल धरलेल्या पावडरीची शक्ती कमी झालेली असते.

या द्रावणात व्हिनेगर, लिंबाचा रस, आम्लयुक्त संडास-क्लीनर किंवा अमोनियायुक्त द्रव्य कधीही मिसळू नये. त्यापासून विषारी वायू निर्माण होतो. बंद गाडीत असा वायू प्राणघातक ठरू शकतो.

स्वच्छतेचा क्रम

पहिली पायरी: गाडी मोकळ्या जागी, घरापासून व विहिरीपासून दूर उभी करावी. शक्य तर ती ढकलून न्यावी. इंजिन सुरू करण्यापूर्वी बॉनेट उघडून विजेरीच्या उजेडात पाहावे. उंदरामागे साप येतो, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. म्हणून न पाहता सीटखाली किंवा कप्प्यात हात घालू नये. सर्व दारे, डिकी व काचा उघडून गाडी अर्धा तास मोकळी ठेवावी व त्या वेळात माणसांनी दूर राहावे. पंखा किंवा वातानुकूलन यंत्र या टप्प्यावर मुळीच चालवू नये. पंख्याच्या पेटीत घरटे असल्यास सर्व धूळ आतील भागात उडेल.

दुसरी पायरी: बॅटरीचे ऋण टोक सोडावे. सीट काढणे आवश्यक असल्यास ते काम गॅरेजच्या कारागिराकडून करून घ्यावे. नव्या गाड्यांत सीटखाली हवेच्या सुरक्षा-पिशव्यांच्या वायरी असतात व त्यांचे आवरण बहुधा पिवळे असते. त्या ओढू किंवा सोडू नयेत.

तिसरी पायरी: लेंड्या, घरटे व लघवीचे डाग यांवर जंतुनाशक पाणी हलक्या हाताने फवारावे. जोराचा फवारा मारल्यास धूळ व शिंतोडे उडतात. घाण पूर्ण भिजून किमान ५ मिनिटे तशीच राहू द्यावी. दाट घरटे असल्यास वेळ दुप्पट करावा. तोपर्यंत केरसुणी, ब्रश, हवेचा झोत किंवा धूळ ओढणारे यंत्र यांपैकी काहीही वापरू नये.

चौथी पायरी: भिजलेली घाण फडक्याने किंवा कागदाने टिपून उचलावी व पिशवीत टाकावी. पिशवीचे तोंड बांधून ती दुसऱ्या पिशवीत ठेवावी. कचरा गोळा करण्याची व्यवस्था नसल्यास विहीर, ओढा व गोठा यांपासून दूर, दोन फूट खोल खड्ड्यात ही घाण पुरावी. मेलेला उंदीरही याच रीतीने भिजवून, हातावर पिशवी चढवून उचलावा. गाडीत सापडलेले धान्य किंवा पेंड जनावरांस घालू नये. लेप्टोस्पायरोसिस जनावरांसही होतो व त्यामुळे गाभण गाईम्हशी गाभडतात.

पाचवी पायरी: प्लॅस्टिकचे, रबराचे व रंगविलेल्या पत्र्याचे भाग जंतुनाशक पाण्याने पुसावे व १० मिनिटांनंतर साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुन्हा पुसून घ्यावे. ही दुसरी पुसणी टाळल्यास क्लोरिनमुळे पत्रा गंजतो. वायरी, बटणे व विद्युत जोडण्या यांवर काहीही फवारू नये. त्या सर्जिकल स्पिरिटने किंचित ओलावलेल्या फडक्याने पुसाव्या. स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने जवळपास विडी, काडी किंवा दिवा नसावा.

सहावी पायरी: कापडी सीट व गालिचे यांवर ब्लीचचे पाणी वापरल्यास त्यांचा रंग उडतो. त्यांच्यासाठी साबणाचे कोमट पाणी व कापडास चालणारे घरगुती जंतुनाशक घ्यावे आणि ते प्रथम आडोशाच्या जागी थोडे लावून पाहावे. काढता येणारी आवरणे गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावी. वाफेने धुण्याची सोय असेल तर उत्तमच. लघवी फोमच्या खोल थरात मुरली असल्यास तेवढा फोम कापून नवा भरावा. त्यावर श्रम करण्यात अर्थ नसतो. सुरक्षा-पट्टा कुरतडलेला असल्यास तो बदललाच पाहिजे. धागे तुटलेला पट्टा अपघाताच्या वेळी माणसास धरून ठेवू शकत नाही.

सातवी पायरी: हवेचा फिल्टर झटकून किंवा झोताने साफ करून पुन्हा बसवू नये. तो भिजवून काढावा, पिशवीत टाकावा व नवा बसवावा. पंख्याच्या पेटीत घरटे असल्यास पेटी कारागिराकडून उघडून घ्यावी, मात्र उपद्रवाची कल्पना त्यास आधी द्यावी. बॉनेटखालचे अस्तर घाण झालेले असल्यास बदलावे. सर्व वायरी, इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्या तपासून झाल्यावरच बॅटरी जोडावी.

दुर्गंधी घालविणे

लघवीतील द्रव्ये कुजून अमोनियाचा दर्प येतो. वाळलेल्या डागातील क्षार दमट हवेत पुन्हा ओल धरतात. त्यामुळे उन्हाळ्यात गेलेला वास पहिल्या पावसात परत आल्याचा अनुभव अनेकांस येतो. असा परत येणारा वास म्हणजे कोठेतरी डाग राहून गेला असल्याची खूण होय. तो शोधण्यासाठी नोटा तपासण्याचा जांभळा दिवा उपयोगी पडतो. रात्रीच्या अंधारात त्या प्रकाशात लघवीचे डाग चकाकतात. साबणाचे व इतर काही डागही चकाकतात, म्हणून नाकाने खात्री करून घ्यावी.

डागांची स्वच्छता झाल्यावर व आतील भाग पूर्ण वाळल्यावर पुढील उपाय करावे. सीट व गालिच्यांवर खाण्याचा सोडा पातळ पसरून रात्रभर ठेवावा व सकाळी काढून टाकावा. जंतुनाशकाचे काम झालेले असल्याने या वेळी धूळ ओढणारे यंत्र वापरण्यास हरकत नाही. त्यानंतर लाकडी कोळशाचे तुकडे सच्छिद्र कापडाच्या पुरचुंड्यांत बांधून सीटखाली व डिकीत तीन-चार दिवस ठेवावे. कोळसा दर्प शोषून घेतो. हट्टी डागांसाठी बाजारात मिळणारे विकरयुक्त क्लीनर वेष्टनावरील सूचनेप्रमाणे वापरावे. मात्र ब्लीच पूर्ण धुऊन निघालेले असावे, अन्यथा विकर निकामी होतात. या सर्वांच्या जोडीस गाडी दिवसा दारे उघडून उन्हात ठेवावी. शेवटी पंखा चालू करून १५ मिनिटे हवा खेळू द्यावी व त्या वेळी आत कोणी बसू नये.

अत्तर, कापूर व उदबत्ती यांनी वास झाकला जातो, जात नाही. डांबरगोळ्या तर गाडीत ठेवूच नयेत. बंद जागेत त्यांची वाफ अपायकारक असते व तान्ह्या मुलांस विशेष धोका असतो. इतके करूनही सडका वास येत राहिला व माशा घोंगावू लागल्या, तर आत कोठेतरी उंदीर मेलेला आहे असे समजून शोध घ्यावा.

विषाचा वापर टाळावा

गाडीतील उंदरांसाठी विषारी आमिष ठेवण्याचा मोह होतो, तो आवरावा. विष खाल्लेला उंदीर हात न पोचणाऱ्या पोकळीत जाऊन मरतो व आधीच्या दर्पापेक्षा मोठी आपत्ती ओढवते. शेतात वापरावयाचे झिंक फॉस्फाईड गाडीत ठेवू नये. धान्यात ठेवण्याच्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांबद्दल तर विशेष ताकीद देणे भाग आहे. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू बाहेर पडतो. त्यांच्या विक्रीवर व वापरावर निर्बंध आहेत. अशी गोळी गाडीत, घरात किंवा झोपण्याच्या जागेजवळ ठेवणे म्हणजे कुटुंबाच्या जिवाशी खेळणे होय.

त्याऐवजी पिंजरा किंवा चाप वापरावा. भजी, खोबऱ्याचा तुकडा किंवा सुका बोंबील हे आमिष चालते. उंदीर नव्या वस्तूस बिचकतो, म्हणून पहिले एकदोन दिवस चाप न लावता नुसते आमिष ठेवावे व नंतर चाप लावावा. उंदीर सापडणे थांबल्याखेरीज स्वच्छतेस हात घालू नये. तसे केल्यास केलेले श्रम एका रात्रीत वाया जातात.

पुन्हा उपद्रव होऊ नये म्हणून

प्रतिबंधाचे उपाय बिनखर्ची आहेत. धान्याची पोती, पेंड, बियाणे व शिदोरी गाडीत रात्रभर ठेवू नये. मालवाहतूक झाल्यावर सांडलेले दाणे त्याच दिवशी काढावे. गाडी कडब्याच्या गंजीपासून, सरपणाच्या ढिगापासून व कोठारापासून शक्य तितकी दूर, स्वच्छ जमिनीवर उभी करावी. ती वापरात नसली तरी दर दोन-तीन दिवसांनी हलवावी व बॉनेट उघडून पाहावे. स्थिर व निवांत जागाच उंदीर निवडतो. हवेच्या वाटांवर ६ मिलिमीटरहून बारीक छिद्रांची तारेची जाळी कारागिराकडून बसवून घ्यावी, मात्र हवा अडता कामा नये. भाताच्या कापणीनंतर आणि शेतात पाणी भरल्यावर उंदीर वस्तीकडे वळतात. त्या दिवसांत तपासणी अधिक वेळा करावी. बॉनेटमध्ये तंबाखू ठेवण्याची पद्धत आहे, परंतु तिच्यावर विसंबून राहू नये.

एकट्या शेतकऱ्याने उंदीर हटविले तरी शेजारच्या बांधावरून ते परत येतात. म्हणून बिळांचा बंदोबस्त सर्व गावाने एकाच वेळी करावा. गव्हाणी घुबड व पिंगळा हे पक्षी रात्रीचे उंदीर टिपतात. अशुभ मानून त्यांना हुसकावणे म्हणजे फुकटचा राखणदार घालविणे होय.

काम संपल्यावर

हातमोजे हातात असतानाच साबणाने धुवावे, मग काढावे व हात पुन्हा धुवावे. स्नान करून कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवावे. त्यानंतरच्या ३० दिवसांत ताप, तीव्र अंगदुखी, पोटऱ्यांत वेदना, डोळ्यांत लाली, कावीळ किंवा लघवी कमी होणे यांपैकी लक्षण दिसल्यास विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि उंदरांच्या घाणीशी संबंध आल्याचे डॉक्टरांस आपण होऊन सांगावे. ही एक गोष्ट सांगितल्याने निदान लवकर होते आणि योग्य वेळी दिलेल्या औषधाने रोगी वाचतो. स्वतःच्या मनाने औषध घेऊ नये. विष न घालताही गावात अनेक उंदीर मरून पडू लागल्यास ती बातमी आरोग्य खात्यास त्वरित कळवावी.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांचे काम

कार्यकर्त्यांनी पावसाळ्याच्या आरंभी व खरिपाच्या कापणीनंतर गावातील एखाद्या वाहनावर या कामाचे प्रात्यक्षिक दाखवावे. ट्रॅक्टर चालविणारे तरुण व गाडी धुणारे मजूर त्यास आवर्जून हजर असावे, कारण घाणीत हात प्रत्यक्ष त्यांचाच जातो. मालकाने मजुरास केवळ काम सांगू नये, तर हातमोजे व मुखपट्टीही द्यावी. प्रात्यक्षिकात तीन गोष्टी लोकांच्या मनावर ठसविल्या तरी पुरे आहे: घाण आधी भिजवावी व मग उचलावी, वास झाकू नये तर त्याचे मूळ काढावे, आणि ब्लीचमध्ये दुसरे काहीही मिसळू नये. या कामास एखादा दिवस व थोडी ब्लीचिंग पावडर लागते. त्या बदल्यात घरातील माणसे रोगापासून व गाडी आगीपासून सुरक्षित राहते.